रहस्यकथांच्या कपाटाशेजारची खुर्ची

"बसणाऱ्याला कधी तोंडघशी पाडू नकोस, बाई. एवढं जपलंस की जन्माचं सार्थक झालं."

माझ्यावर शेवटचा पॉलिशकागद फिरवताना सुतार असे म्हणाला होता. घडवलेल्या प्रत्येक वस्तूला एक शब्द सांगून मगच तो तिला घराबाहेर काढत असे. मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. वाचनालयात, खिडकीपाशी, रहस्यकथांच्या कपाटाला लागून माझी जागा आहे. सुताराचा तो शब्द मी मंत्रासारखा जपला. एकदा मात्र मला वाटले, आता तो मोडला. तीच गोष्ट तुम्हाला सांगते.

वाचनालयाच्या ग्रंथपाल म्हणजे आमच्या ताई. बोलणे इतके हळू की समोरच्याला आपोआप पुढे वाकावे लागे. त्यांचा एक रोजचा नेम होता. सकाळी कपाटांवरून फडके फिरवायचे, आणि मग आपण होऊन एका तरी वाचकाच्या हाती एक चांगली रहस्यकथा द्यायची. ते झाल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. तोवर त्यांचा कप टेबलावर पालथा असे. दुसरा नेम त्याहून कडक होता. कोणी कितीही गळ घातली, तरी गोष्टीचा शेवट सांगायचा नाही.

पुस्तक सुचवण्याची त्यांची रीत मोठी गमतीची होती.

"ब्लडप्रेशर कसं आहे तुमचं?" त्या आधी विचारत.

"पुस्तक न्यायला ते कशाला हवं, ताई?"

"हवं तर! जास्त असेल तर 'वाफाळलेला आरसा' देत नाही मी. त्यात दर चार पानांनी कुणीतरी दार वाजवतं. तुम्ही 'कोरड्या दिवशीची ओली छत्री' न्या. सावकाश भिजवत नेईल."

इस्पितळातल्या नर्सबाई येत. "मला छोटी प्रकरणं हवीत हं. ऐन रंगात आलं की घंटा वाजते आमची."

"मग 'सात सह्यांचं मृत्युपत्र'. एकेका सहीचं एकेक प्रकरण. घंटा वाजली तर वाजू दे."

लोक पुस्तक घेत, माझ्यावर टेकत, आणि 'दोनच पानं' म्हणता म्हणता खिडकीतले ऊन भिंतीवर चढे. माझ्यावर बसून किती नखे कुरतडली गेली असतील, देव जाणे! "या खुर्चीत बसलं की उठवत नाही," असे कोणी म्हणाले की माझ्या वेताच्या बैठकीला नवा ताण आल्यासारखे वाटे.

वर्षे गेली. माझा उजवा पाय झिजला, सांधा सैल झाला आणि मी बोलू लागले. कोणी ताठ बसले तर मी गप्प. रेलून बसले तर बारीक 'टक'. पण उजवीकडे झुकून कोणी मांडीवर काही लिहायला लागले, की माझ्यातून लांबलचक 'कुईऽऽ' निघे. लोक हसत. मला मेल्याहून मेल्यासारखे होई.

आणि त्याच सुमारास कपाटाला ग्रहण लागले. एक दिवस नर्सबाई तणतणत आल्या.

"ताई, हे बघा! पहिल्याच पानावर पेन्सिलीनं लिहिलंय, 'मेहुणी'! मग काय, तिसऱ्या पानावर मेहुणी सरबत घेऊन आली, तशी म्हटलं, या बाई, तुम्हीच का त्या?"

मग दुसऱ्या पुस्तकात 'माळी' निघाला. तिसऱ्यात 'डॉक्टर (खोटा)'. अक्षर मुंगीएवढे, पण एकदा वाचले की डोक्यातून जाईना. खुनी आधीच कळला तर रहस्यकथेत उरते काय? साल खाल्ली आणि फळ फेकले! ताई रबर घेऊन खोडत बसत, पण एक खोडावे तो दुसरे निघे. वाचक त्या कपाटाकडे फिरकेनासे झाले. दुपार कलली तरी ताईंचा कप पालथाच राहू लागला.

शेवटी वाचनालयाचे अध्यक्ष येऊन उभे राहिले. "ताई, महिनाअखेरपर्यंत या कपाटातली पुस्तकं लोकांनी नेली नाहीत, तर सगळी रद्दीत. इथे अभ्यासाची टेबलं मांडू. आणि ही रडकी खुर्ची आधी भंगारात काढा."

"खुर्ची राहू दे, साहेब," ताई हळूच म्हणाल्या. "ती काहीतरी सांगतेय."

"खुर्ची?"

"कुरकुरणाऱ्याचं एकदा तरी ऐकून घ्यावं."

मित्रांनो, माझा लाकडी जीव थरारला. कारण मला ठाऊक होते, ती नावे कोण लिहितो. माझ्याच मांडीवर बसून तर लिहीत होता! साक्षीदार मी, आणि मला तोंड नाही. होती ती एक कुरकुर. पण सुताराचा शब्द? मी आवाज केला तर बसणारा चारचौघांत उघडा पडणार. नाही केला तर कपाट जाणार. मी गप्प राहायचे ठरवलेही. पण म्हातारे लाकूड मनाचे ऐकत नाही.

एका दुपारी, वाचनालय रिकामे असताना, ते घडले. आधी 'टक' वाजले. मग बराच वेळ शांतता. आणि मग, 'कुईऽऽ'!

ताई चपला काढून आल्या. माझ्यावर घड्याळवाले काका बसले होते. दुकान मुलावर सोपवून निवृत्त झालेले, कपाटाचे सर्वांत जुने वाचक. चष्मा कपाळावर, मांडीवर पुस्तक, बोटांत टोकदार पेन्सिल.

"काका! तुम्ही?"

काका दचकले, पण लपवले काहीच नाही. "का, काय झालं? खूण करतोय. हल्ली घोटाळा होतो बघ. पुस्तक घरी नेतो आणि निम्म्यावर लक्षात येतं, हे वाचलंय आपण. आमच्या धंद्यात घड्याळ उघडलं की झाकणाच्या आत बारीक खूण करायची रीत आहे. पुढे तेच घड्याळ परत आलं की ओळख पटते. तसंच हे. पहिल्या पानावर खुन्याचं नाव दिसलं की ठेवून देतो."

"अहो, पण तुमच्यानंतर ते पान दुसरं कुणी उघडतं ना!"

काका थबकले. घड्याळाच्या झाकणात दुरुस्त करणाऱ्याशिवाय कोणी डोकावत नाही. पुस्तकाचे तसे नसते, हे त्यांच्या ध्यानीमनीच नव्हते. त्यांचा चेहरा पार उतरला. "म्हणजे हे ओस पडलंय ते माझ्यामुळे? ताई, मी उद्यापासून येत नाही. कुठल्या तोंडानं येऊ?"

पाडलेच ना मी त्यांना तोंडघशी!

पण ताई त्यांच्याकडे निरखून पाहत होत्या. "काका, ही 'ओली छत्री' आठवते?"

"न आठवायला काय झालं! तो जिना, तो ओल्या चामड्याचा वास... वाचताना हातातला चहा गार झाला होता माझा."

"आणि खून कुणी केला?"

काकांनी खूप डोके खाजवले. "ते मात्र... नाही बुवा आठवत."

ताई इतक्या मोठ्याने हसल्या, की वाचनालयात शांतता राखावी ही पाटी त्यांनाच दाखवावी लागली असती. "मग तुमच्यासारखा सांगणारा मला शोधून सापडणार नाही! उद्यापासून इथेच बसायचं. येईल त्याला पुस्तक सुचवायचं. शेवट तुमच्या तोंडून निसटायची भीतीच नाही! तुमची खूण शेवटच्या पानावर. नुसता एक ठिपका."

त्यानंतरचे काय वर्णावे! 'सगळं निर्मळ करीन,' असा शब्द देऊन काकांनी ताईंच्या बरोबरीने एकेक पुस्तक खोडून निर्मळ केले, आणि मग माझ्यावर त्यांची बैठक सुरू झाली.

"'उलट्या काट्यांचं घड्याळ' न्या. लेखकाला घड्याळातलं ओ की ठो कळत नाही, पण भीती काय घातलीय!"

"खून कोण करतं, काका?"

"मला कळलं तर तुम्हालाही सांगीन!"

ओसरलेली माणसे परत आली. परतीच्या पुस्तकाला फळीवर टेकायला सवड मिळेना. महिनाअखेरीस अध्यक्ष रद्दीवाल्याला घेऊन आले, तर कपाटात तीनचार पुस्तके आणि काकांभोवती ही गर्दी! त्यांनाही काकांनी सोडले नाही. 'वाफाळलेला आरसा' हाती देऊनच परत पाठवले. दुसऱ्या दिवशी साहेब तांबारलेल्या डोळ्यांनी हजर. "याच लेखकाचं आणखी काही आहे का?" त्यांनीच सुतार बोलावून माझा पाय नीट करायला सांगितले.

"पाय करा," ताई म्हणाल्या, "आवाज ठेवा."

नर्सबाईंनी एकदा भर गर्दीत विचारले, "ते नावं लिहिणारं शेवटी कोण निघालं हो, ताई?"

काकांची बोटे माझ्या हातावर घट्ट आवळली.

"तुम्हाला माहीत आहे," ताई शांतपणे म्हणाल्या. "शेवट मी सांगत नाही."

मित्रांनो, तेव्हा सुताराचा शब्द माझ्यासाठी ताईंनी पाळला. म्हणून तुम्हाला एकच विनवणी. घरातली एखादी वस्तू कुरकुरू लागली, तर टाकण्याआधी जरा कान द्या. आणि आवडलेले पुस्तक दुसऱ्याच्या हाती जरूर द्या, फक्त त्याचे नवल त्याच्यासाठी शिल्लक ठेवा.

आता सकाळीच ताईंचा कप सुलटा होतो आणि त्यातून वाफ निघते. आजही तसेच झाले. पण काका आज बसले नाहीत. टेबलाशी जाऊन खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, स्टेशनजवळच्या वाचनालयातही मी कित्येक वर्षं जात होतो. तिथल्या पुस्तकांतही माझ्या तसल्याच खुणा आहेत. त्या दिवशी तुला शब्द दिला होता, सगळं निर्मळ करीन म्हणून."

ताईंनी खणातला रबर काढून त्यांच्या हातावर ठेवला. काकांनी तो वरच्या खिशात घातला, माझ्या पाठीवर एकदा थोपटले आणि कोणाला कळू न देता दाराबाहेर पडले.