नाव न लिहिता विचारा

मी वैजापूर तालुक्यातल्या एका शाळेची प्रश्नपेटी बोलतेय. मूळची मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. औरंगाबादहून विज्ञान शिकवायला आलेल्या पद्मजाबाईंनी माझ्या झाकणाला फट पाडली, कुलूप घातलं आणि मला प्रयोगशाळेबाहेर टांगलं. जे घरी विचारता येत नाही ते इथं विचारा, नाव लिहू नका, असं त्यांनी नववी-दहावीच्या मुलामुलींना सांगितलं.

पहिला आठवडा माझ्यात चॉकलेटचे कागदच पडले. मग चिठ्ठ्या आल्या. पाळीच्या, मुरुमांच्या, फुटलेल्या आवाजाच्या. दर शनिवारी बाई उत्तरं द्यायच्या. प्रजननाचा धडा 'घरी वाचा' म्हणून सोडून देण्याची तिथली रीत त्यांनी मोडली.

एकदा चिठ्ठी आली : 'माझं लग्न ठरतंय. मला शिकायचंय. लेकरू लगेच होऊ नये म्हणून काय करत्यात?'

बाईंनी अक्षर ओळखलं. दहावीतली कावेरी. शनिवारी त्यांनी वर्गाला सगळं नीट सांगितलं. अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे, हे आधी. मग निरोध, गोळ्या, सरकारी दवाखान्यात कुणाला भेटायचं ते. कुणी हसलं नाही. पण कावेरीच वर्गात नव्हती. तिला बघायला पाहुणे आले होते.

सोमवारी शनिवारच्या तासाचं ऐकून शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब आले. पोरी बिघडतील म्हणाले. हेडमास्तरांनी मला काढून ऑफिसातल्या कपाटावर टाकलं.

बाई कावेरीच्या घरी गेल्या. तिची आई साळूबाई एवढंच म्हणाली, "आमी ऊसतोडीला गेल्यावर वयात आलेली पोरगी कुणापाशी ठिवू?" बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकाची, म्हणून बाईंनी त्याला कळवलं. तोवर मामाच्या गावी लग्न उरकलं होतं.

सव्वा वर्षानं कावेरी शाळेचा दाखला न्यायला आली. कडेवर लेकरू, अंगात रक्त नाही. "त्या शनिवारी मी तुझ्या चिठ्ठीचं उत्तर दिलं होतं गं," बाई सांगू लागल्या.

"मैत्रिणीनं सांगितलं व्हतं मला," ती म्हणाली. "पण सासरी कुणाला म्हणू? माझं ऱ्हाऊ द्या बाई. धाकटी सातवीत हाय, तिला आत्ताच सांगा. आन् माझ्या आईलाबी."

त्यानंतर मला पुन्हा टांगण्यासाठी बाईंनी दोन अर्ज दिले. उत्तर नाही. मी अजून कपाटावरच आहे. फट धुळीनं भरत चाललीय. मोठ्या माणसांनो, मला खाली काढा. तुम्ही विचार करताय तोवर ती धाकटी आठवीत गेलीसुद्धा.