माझ्या छातीवर पळणारा फाकड्या

मी निमगाव सावाच्या भिकाआण्णाच्या दूध डेअरीतला कॉम्प्युटर बोलतोय. थांबत थांबत बोलतो, तेवढं सांभाळून घ्या. इथं आणलं तेव्हाच मी कुठल्याशा कॉलेजातून रिटायर झालेला होतो. पण दुधाचं माप लिहायचं अन् पावती काढायची, एवढ्याला म्हातारा पुरे.

खुर्चीवर अश्विनी बसायची. घरात कमावती ती एकटीच.

फाकड्या हा आण्णाचा शर्यतीचा बैल. बैलगाड्यांच्या घाटात पहिला आला, तसा आण्णानं त्याचा पळतानाचा व्हिडिओच माझा वॉलपेपर करून घेतला. लोक देव्हाऱ्यात देव ठेवतात, आण्णानं माझ्या पडद्यावर बैल ठेवला. देव निदान एका जागी बसतो. हा दिवसभर पळायचा. पळायचा तो अन् धाप मला. माझी मेमरी ती केवढीशी. बैल पळवू का दूध लिहू?

सकाळी किटल्यांची रांग लागायची अन् पावती अडायची. साळुबाई रांगेतली सगळ्यांत तिखट म्हातारी. म्हणायची, "पोरी, हात चालव की. दूध फाटंल हितंच."

एकदा आण्णानं ते ऐकलं. "उद्या परत रांग अडली, तर दुसरी पोरगी बघतो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अश्विनीनं बैल काढला अन् साधा निळा पडदा लावला. छातीवरचा धोंडाच उतरला माझ्या. पावत्या सटासट निघाल्या. साळुबाईला भांडायला कारण उरलं नाही, बिचारी तोंड पाडून घरी गेली.

तेवढ्यात आण्णा आला. "माझा फाकड्या कुठंय?"

"आण्णा, त्यो पळतो तवा मशीन अडतंय. म्हणून काढला."

"उद्या घाटात त्याची पळायची बारी हाय, आन् तू आज बैल काढलास?"

फाकड्या घाटात मागं पडला. वय झालं होतं त्याचं, माझ्यासारखंच. पण आण्णानं खापर अश्विनीवर फोडलं अन् तिला घरी बसवलं. त्याच आठवड्यात त्यानं खरा फाकड्या बेल्ह्याच्या बाजारात विकला. पडद्यावरचा काढला, तिचं काम गेलं. दावणीचा काढला, तर आण्णाला कोणी हटकलंसुद्धा नाही.

मला पेंडीच्या पोत्यांमागं टाकलंय. माझ्या जागी दुसरा आलाय, तोही कुणीतरी वापरून टाकलेला. आण्णानं आधी काय केलं असेल, तर त्याच्यावरही फाकड्या सोडला. दुसरी पोरगी काही मिळाली नाही, म्हणून खुर्चीवर आता तो स्वतःच बसतो. भिंतीपलीकडून मला रोज ऐकू येतं, "आण्णा, हात चालव की. दूध फाटंल हितंच."

हसायला वीज लागते, ती माझ्याकडं नाही.

अश्विनी कामासाठी ओतूरला खेपा घालतेय म्हणतात. पावणं, स्टँडवर दिसली तर तिला एवढं सांगा, रांग अजून अडतेच. हात तिचे चालत होते.