दोन खोकडं

माझी बायको मला खोकड म्हणायची. लग्न झालं तेव्हा नाही, गाल बसले आणि केस पिकले तेव्हापासून. पुढे आमच्या मागच्या बागेत खरंच एक खोकड यायला लागलं. कोल्ह्याहून लहान, कान मोठे, शेपूट झुपकेदार. मग घरात घोटाळे सुरू झाले. आमचं खोकड आज कुंपणाखालून पळून गेलं, असं तिने बहिणीला फोनवर सांगितलं, तर मेहुणी घाबरून मला शोधायला आली.

बायको त्याचे फोटो काढायची, पण फोन उचलला की ते पाठ फिरवायचं. तिच्या फोनमध्ये नुसत्या शेपट्या आहेत. एकदा त्याचं तोंड मिळालं की लावायचं, म्हणून तिने फ्रेम आणली आणि माझ्या कामाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर रिकामीच टांगली. मी घड्याळं दुरुस्त करतो. गिऱ्हाइकाने फ्रेमकडे पाहिलं की बायको आतून सांगायची, साहेब अजून यायचेत.

ती गेली. मेहुणी म्हणाली, फ्रेममध्ये ताईचा फोटो लावू, रिकामी चौकट मला बघवत नाही. मी म्हणालो, ती जागा ताईनेच खोकडाला दिलेली आहे. बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं, रविवारपर्यंत खोकडाचं तोंड मिळालं तर ते, नाहीतर ताई.

ऊन उतरलं की मी बायकोचा फोन घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत बसायला लागलो. केसाएवढा स्क्रू बसवणारा हात, तो काही हलत नाही. खोकड यायचं, पण लिंबाच्या झाडामागे पाठ करून बसायचं. चुचकारलं, पळालं. पाव टाकला, तो उचलून पळालं. शेपट्यांत माझी भर पडली.

रविवारी मेहुणी ताईचा फोटो पिशवीत घेऊनच आली. मी खिडकी सोडेना, तेव्हा तिने चहा टाकला. दोघी बहिणींचा आवाज अगदी एक, फोनवर मी कितीदा फसलोय. मला चिडवायला म्हणून तिने माझ्या मागून ताईसारखी हाक मारली.

"ए खोकडा, चहा झाला!"

लिंबामागून खोकड उठलं. कान ताठ केले, तोंड वळवलं आणि सरळ खिडकीच्या दिशेने चालत आलं.

रोज संध्याकाळी बायको चहा गाळता गाळता मला हाक मारायची. मी पुढच्या खोलीत, म्हणून चांगली मोठ्याने, आणि बागेकडे पाठ करून. मग शिळा पाव बाहेर टाकायची. त्या बिचाऱ्याला वाटत होतं, आपल्यालाच बोलावतात. ती गेल्यापासून मी मुकाट्याने चहा करून पीत होतो.

"आलो," मी सवयीने म्हणालो आणि बटण दाबलं.

मेहुणी गाळणं हातात धरून हसत सुटली. मग डोळे पुसले, मग परत हसली. "भावोजी, पहिला कप कुणाला?"

फोटो जरा हललाय, कारण मी उठत होतो. पण तोंड पूर्ण आलंय, मिशांसकट. मेहुणीने तो स्वतः फ्रेममध्ये बसवला, नीट निरखला आणि म्हणाली, ताई तुम्हाला उगाच खोकड नाही म्हणायची. ताईचा फोटो आता त्याच्या शेजारी आहे.

हल्ली संध्याकाळी मीच हाक मारतो. आवाज घोगरा आहे, तरी ते येतं. शेजाऱ्यांना वाटतं, म्हातारा स्वतःलाच चहाला बोलावतो. तेही काही खोटं नाही.