बाबांचा निरोप

कुंपणाच्या तारेत घोड्याच्या शेपटीचा एक करडा केस अडकला होता. यामिनीने तो बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला... कानाशी चुलतबहिणीचा, मैत्रीचा, आवाज नागपूरहून बोलतच होता. "काका गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला तू ऑनलाइन तरी दिसशील असं वाटलं होतं गं. अश्वजित एकटाच होता स्क्रीनवर. म्हणाला, यामिनी बोलायच्या स्थितीत नाही."

समोर लेलिस्टाडचं गवताळ रान क्षितिजापर्यंत पसरलं होतं, त्यात हरणं, मोकाट घोडे. आणि गाडीपाशी तिचा नवरा, अश्वजित, दुर्बीण पुसत.

"कोणाचा फोन?"

"मैत्रीचा. सहज."

सहज — असं का म्हणाले मी?

गाडी दक्षिणेला लागली. मे महिन्यात नागपूरला बाबांना ऑक्सिजन लावला तेव्हा तिकडची विमानं बंद होती, फोन वाजला की तिचे हातपाय गार पडायचे, म्हणून तिच्या भावाशी, राकेशशी, अश्वजितच बोलायचा आणि दाराशी येऊन सांगायचा — बाबा आज पेज प्यायले, बाबा झोपलेत, बाबांनी तुझी आठवण काढली. रायस्वाइकच्या त्यांच्या लहानशा घरात ती तेवढ्यावर जेवायची, ऑफिसचे कॉल घ्यायची, हसायचीसुद्धा. आणि परवा — "बाबा म्हणाले, कोंडून नका बसू, कुठेतरी फिरून या." म्हणून तर ही सहल. म्हणून तर सकाळी उठून तिने हौसेने पुऱ्या तळल्या होत्या...

फाल्कनबुर्गच्या गुहेत मास्क लावलेली मोजकीच माणसं होती. खरा काळोख कसा असतो ते दाखवायला गाइडबाईंनी कंदील विझवला. स्वतःचा हातसुद्धा दिसेना.

यामिनीने अगदी हळू विचारलं, "बाबा कधी गेले?"

कुणीतरी खोकलं.

"घरी गेल्यावर सांगणारच होतो," अश्वजित म्हणाला. "तू कोसळली असतीस, यामू. राकेशलाही तसंच वाटत होतं."

"आणि फिरून या, असं कोण म्हणालं?"

त्याचा हात चाचपडत आला, तिचा हात त्याला सापडला आणि तिने तो काढून घेतला नाही — त्या काळोखात धरायला दुसरं होतं तरी काय? रडू यायला हवं होतं. पण मन भलत्याच कामाला लागलं होतं, बाबांचं एकेक वाक्य उचलून बघत होतं — पेज... आठवण... फिरून या... यातलं बाबांचं कुठलं, याचं कुठलं? कुठल्या वाक्यापर्यंत माझे बाबा जिवंत होते?

कंदील लागला. अश्वजित तिच्याकडेच बघत होता, डोळे भरलेले. आणि ते पाणी खरं, की तेही तिला बरं वाटावं म्हणून आणलेलं, हे तिला ठरवता येईना.