निळ्या दोऱ्याची चव

शिंपीकाम करता करता मास्तरांचं सगळं आयुष्य दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करून सुईत ओवण्यात गेलं. निळा दोरा कडवट, पांढरा खळीचा, हे त्यांना डोळे मिटूनही कळायचं. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "मास्तर, साथ आलीये. निदान आता तरी दोरे चाखू नका!" पण जित्याची खोड, ती का अशी जाते!

दुकानातलं एक गिऱ्हाईक आजारी निघालं, तसं बाईंनी मास्तरांना मागच्या खोलीत बसवलं. दहा दिवस. खिडकी उघडी, ताट वेगळं, हात साबणानं. "आणि ताप नाही म्हणून शहाणपणा नको. तोंडाची चव गेली, तरी मला कळवायचं." पलीकडच्या खोलीत लेक बाळंतीण. नात मास्तर आत बसल्यावरच जन्मली, आठ दिवसांची झाली आणि आजोबांनी तिला अजून हातात घेतलेलं नाही. काय म्हणावं या नशिबाला!

दिवस कसे गेले, त्यांचं त्यांनाच ठाऊक नाही. पडदा फुगायचा, उन्हाचा चौकोन भिंतीवर चढायचा आणि मास्तर पेंगत पेंगत वीतभर निळा फ्रॉक शिवत राहायचे. झोपेत टाके पडायचे, जागेपणी नात मांडीवर येऊन बसायची. खरं कुठलं अन् स्वप्न कुठलं, देव जाणे. पण गडी सुखात होता हो!

दहाव्या दिवशी सकाळी, चहाच्याही आधी, लेकीनं दार वाजवलं.

"बाबा, आज सुटका! घ्या हिला."

"थांब गं, शेवटचं बटण राहिलंय."

त्यांनी दोरा जिभेवर ठेवला. काहीच लागलं नाही. पुन्हा ठेवला, चांगला चोखला. निळा दोरा, आणि पाण्यासारखा!

ताप नाही, खोकला नाही. कुणाला कळणार होतं? एकदाच घ्यायचं, मिनिटभर. हात कडीवर गेलासुद्धा. पलीकडे नात बारीकशी कुरकुरली आणि मास्तरांना रडूच फुटलं.

"पोरी, मागे हो. दार उघडू नकोस. बाईंना फोन कर, म्हणावं चव गेली."

लेकीनं मागे होऊन फोन लावला, निरोप दिला. मग लेक हळूच म्हणाली, "निदान फ्रॉक तरी द्या, बाबा."

"त्याचा टाका न् टाका माझ्या तोंडातून गेलाय. तो नको. मी बाहेर येईपर्यंत तिला पुरणारही नाही. टेप घे आणि तिची मापं सांग. सावकाश सांग."

लेक एकेक माप सांगू लागली. मास्तर दाराला कान लावून, दोन्ही हात हवेत तेवढ्याच अंतरावर धरून बसले.