बायनाबाईच्या नोकरीची साखर

बायनाबाईनं नोकरी लागल्याची साखर वाटली, अन् तिथंच घोडं पेंड खायला लागलं.

नोकरी तरी केवढी म्हणता? बोरीच्या रस्त्याला लागून असलेल्या त्या गावात सरकारी दवाखान्याचं उपकेंद्र नवं झालं होतं. तिथं झाडलोट करायची, पाणी भरायचं अन् नर्सबाईंच्या मागं पेटी घेऊन वस्तीवर जायचं. काम अर्धवेळ, महिन्याला पन्नास रुपये. पण सरकारी! त्या गावात आजवर कुण्या बाईला सरकारी काम लागलं नव्हतं. बायना हरखून गेली. ताटात साखर घेतली अन् घरोघर चिमूट-चिमूट देऊन आली. चावडीत तलाठी दिनकरराव बसले होते, त्यांना तर मूठभर दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कारण त्या गावात साखर खाणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. सोयरीक ठरली की चार माणसं बोलावून साखर खायची. मग कागद नको अन् शाई नको. ज्यानं साखर खाल्ली तो साक्षीदार. पुढं कुणी शब्द फिरवायला लागला की ही माणसं छातीवर हात ठेवून म्हणायची, आमी साखर खाल्लेली हाय.

बायनाचा नवरा सुग्रीव उसाच्या फडावर मोळी उचलताना साप चावून गेला होता. त्यानंतर तिला सरकारकडून निराधाराचे साठ रुपये सुरू झाले. गावात त्याला पगारच म्हणत. तो पगार अन् खुरपणीची मजुरी यांच्यावर तिनं एकुलत्या एका लेकीला, कोकिळाला, सातवीपर्यंत आणलं. दर दसऱ्याला ऊसतोडीचा मुकादम आप्पाराव यायचा. पोरगी आता हाताखाली आली, मायलेकींचा मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, धरू, असं म्हणायचा. बायना त्याला चहा पाजून वाटेला लावायची. ज्या फडानं बाप खाल्ला तिथं लेकीचा पाय पडू द्यायचा नाही, एवढी एकच गोष्ट तिनं मनाशी धरली होती.

नोकरी लागली अन् पुढच्याच महिन्यात निराधाराची मनिऑर्डर आणणारा पोस्टमन तिचं घर ओलांडून गेला. त्याच्याही पुढच्या महिन्यात तसाच. बायना तालुक्याला गेली. पहिल्या खेपेला नामांतराच्या बंदपायी एसटीच नव्हती, अर्ध्या वाटेतून पायी माघारी आली. दुसऱ्या खेपेला तहसील कचेरीतला कारकून भेटला. तो म्हणाला, तुमच्या तलाठ्याचा अहवाल आलाय, तुम्ही नोकरदार झालात, निराधार कशा? दिनकररावांनी काही वाकडं लिहिलं नव्हतं. साखर खाल्ली तेच लिहिलं होतं.

ती नर्सबाईंकडे आली. नर्सबाई भल्या होत्या, पण त्यांनाही हसू फुटलं. म्हणाल्या, तुम्ही कसल्या नोकरदार, हे तर मानधन. तुम्हाला ना रजा, ना कायम होणं. नोकर म्हणून इथं काही मागायची सोय नाही. बायना ते ऐकून पुन्हा तालुक्याला गेली. कारकून म्हणाला, सरकारचा पैसा खाता म्हणजे नोकरच. एका दारात नोकर, दुसऱ्या दारात नाही. आई जेवू घालीना अन् बाप भीक मागू देईना! शेवटी ती काकुळतीनं म्हणाली, नोकरी अर्धी हाय तर पगार बी अर्धा तोडा. कारकुनानं शेजारच्याला ऐकवून सांगितलं, अर्धा निराधार असा प्रकारच नसतो बाई.

बरं, अर्धा दिवस मोकळा होता ना, असं कुणी म्हणेल. कसला मोकळा? सकाळी झाडलोट आणि पाणी, सांजच्याला पुन्हा तेच, अन् मधे कुणी अडलेली बाई आली की नर्सबाई म्हणायच्या, जरा थांबा. खुरपणीच्या बाया दिवस उगवायला रानात असतात. उन्हं डोक्यावर आल्यावर येणाऱ्या बाईला कोण पात धरू देतो? मजुरी बुडाली ती बुडालीच. वर ते पन्नास रुपये तीन-तीन महिने यायचे नाहीत. काम लागल्यावर घरात सुबत्ता यावी की नाही? हिच्या घरात पिठाचा डबा खडखडायला लागला.

दसरा आला तसा आप्पाराव आला. या खेपेला तो लवकर उठेना. आगाऊ पैशाची उचल द्यायला तयार होता, ट्रकमध्ये जागाही धरली होती. बायनाच्या तोंडून नाही निघेना. कोकिळा चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. ती उठली, दप्तर आवरलं, वर फळीवर टाकलं अन् कोपऱ्यात बापाचा कोयता होता तो पुसायला लागली. बायनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं कोयता लेकीच्या हातातून घेतला अन् आप्पारावला म्हणाली, तुमी उठा आता.

दुसऱ्या दिवशी तिनं काम सोडलं. नर्सबाई हळहळल्या. तिथून ती चावडीत गेली अन् दिनकररावांना म्हणाली, झाले मी निराधार, लिहा. दिनकरराव म्हणाले, असं कसं, पाच पंचांनी सांगावं लागतं. पंच तिथंच पारावर बसलेले. त्यांत किशनराव सगळ्यांत वडील, गावातल्या निम्म्या सोयरिकी त्यांच्याच साक्षीनं झालेल्या. ते खाली बघत म्हणाले, "बाई, आमी साखर खाल्लीय. ज्या तोंडानं खाल्ली त्याच तोंडानं नोकरी न्हाई कसं म्हनावं?"

त्यांच्या मनात खोट नव्हती, हाच तर वैताग. खोटा माणूस असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. बायना रात्रभर तळमळली. आपल्याच हातानं वाटलेली साखर आता गावाच्या पोटातून कशी काढावी?

सकाळी ती चावडीत आली ती पदरात कडुलिंबाचा डहाळा घेऊन. पंच बसलेच होते. तिनं डहाळा किशनरावांपुढं ठेवला अन् विचारलं, मैतीहून आल्यावर आपल्यात काय खातात? किशनराव म्हणाले, लिंबाचा पाला.

"मंग खा. माजी नोकरी मेली. तिच्या नावानं साखर खाल्ली, आता तिच्याच नावानं पाला खा. अन् मंग सांगा मला, ती जित्ती हाय का मेली."

कुणी हसलं नाही. किशनरावांनी डहाळा उचलून हातात घेतला. मग त्यांनी एक पान तोडलं, तोंडात टाकलं, नीट चावलं. त्यांच्यामागं बाकीच्यांनी खाल्लं. दिनकरराव म्हणाले, माझं कशाला, मी पंच नाही. बायना म्हणाली, मूठभर तुमीच खाल्ली व्हती. त्यांनी तोंड वाकडं करून दोन पानं चावली अन् दौतीकडं हात नेला.

पैसे सुरू व्हायला संक्रांत उलटली. तोवर बायनानं दिवसभर लोकांचा कापूस वेचला, कधी भाकरी मिरचीबरोबर खाल्ली, कधी नुसतीच. आप्पारावचा ट्रक टोळी घेऊन गावातून गेला तेव्हा कोकिळा शाळेत होती. त्या दिवशी बायनानं देवापुढं दिवा लावला.

अन् मग एके सकाळी नर्मदाबाई दारात उभी. हीसुद्धा विधवा, हिलाही निराधाराचा पगार. डोक्यावरून पदर, तोंडावर हसू, हातात ताट. दवाखान्यातलं काम तिला लागलं होतं. बायनानं कपाळाला हात लावला. साखर वाटू नको, आधी माजं ऐक, असं म्हणणार तोवर तिचं लक्ष ताटाकडं गेलं. ताटात तळाशी चिमूटभर राहिली होती. नर्मदाबाई सारं गाव फिरून तिच्याकडं शेवटी आली होती.

"घे की बायनाबाई. तुजंच काम हाय, तुला राग न्हाई ना?"

"राग न्हाई बाई. पर मी खानार न्हाई." बायनानं तिला हाताला धरून घरात घेतलं अन् दार लोटलं. "साऱ्या गावानं खाल्लीय. उद्या तुज्या पंचनाम्याला साखर न खाल्लेलं एक तरी मानूस पायजे."