अर्धं राहिलेलं वाक्य

मला दादाचा राग आला आहे, आणि एवढ्यात तो उतरावा असं मला वाटतही नाही.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. आमच्या चर्चच्या मंडळीतला 'वडील', म्हणजे कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक. गात गात प्रवचन करावं तर त्यानेच. हरवलेलं लेकरू घरी परततं त्या ओळीला त्याचा सूर असा चढतो, की मागच्या बाकावर पेंगणारेही रुमाल शोधायला लागतात. मीसुद्धा. म्हणून तर राग जास्त.

मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस. आठवडाभर माझ्यापुढे तोंडं उघडी असतात, पण बोलता एकालाही येत नाही. शनिवारी दुपारी चर्चमागच्या खोलीत तरुणसंघाची अकरा पोरं मी घेऊन बसते, तिथे उलटा प्रकार. बोलायला कुणी अडवलेलं नाही, तरी तोंडं मिटलेली. बायबलमधलं वचन विचारलं की घडाघडा म्हणायचं आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं.

मग मीच ठरवलं, घरी चोरून जी मालिका बघतात तीच इथे उघड लावायची. दहा मिनिटं. पात्र काही ठरवणार त्या ऐन क्षणी चित्र थांबवायचं. आता तुम्ही त्याच्या जागी. प्रभू शेजारी उभा आहे. काय कराल? सगळ्यांचं बोलून झाल्याशिवाय चित्र पुढे जाणार नाही, हा नियम.

त्या शनिवारी पडद्यावर गच्चीचा कठडा होता. नायकाचा दगाबाज मित्र बाहेर लटकलेला, नायकाने त्याचं मनगट धरलेलं. मी थांबवलं.

"सोडून दे, कटकट संपेल," एक म्हणाला.

"सोडला तर मालिका संपेल, येड्या. अजून दोन भाग आहेत."

"प्रभू शेजारी उभा असेल तर त्यालाच म्हणावं, जरा हात लाव."

हशा झाला. वीस मिनिटं वाद चालला. आणि मग घुमी बोलली.

घुमी म्हणजे शिंपीणबाईंची मुलगी. नाव पोरांनी ठेवलेलं. चार महिने ती येऊन बसायची आणि उठून जायची. तिच्या बापाने पिऊन गाडी चालवली, तेव्हा शेजारी तिचा धाकटा भाऊ बसला होता. पोरगा गेला, बाप तुरुंगात. येत्या सोमवारी सुटून घरी यायचा होता. सगळ्यांना ठाऊक होतं, विषय कुणी काढत नव्हतं.

"त्याचा हात दुखत असेल," ती म्हणाली. "ज्याने धरलंय, त्याचा. सगळे लटकणाऱ्याचंच बोलताय. पण धरणाऱ्याला जर..."

दार धाडकन उघडलं. दादा आला तो थेट भिंतीकडे, आणि वायर उपटली.

"वीस मिनिटं बघतोय मी काचेतून! एक माणूस दुसऱ्याला गच्चीवरून ढकलतोय, आणि तुम्ही हसताय!"

"दादा, चित्र थांबवलं होतं."

"म्हणजे खून थांबवून थांबवून दाखवतेस? चवीने?"

एरवी मी पोट धरून हसले असते.

"ती बोलत होती, दादा."

"कोण?"

त्या 'कोण'ने माझ्या अंगाची लाही लाही झाली. खोलीत अकरा पोरं होती आणि याला फक्त पडदा दिसला होता.

घुमीने दप्तर उचललं. दादा जरा वरमला. मायेनेच म्हणाला, "बाळ, क्षमेचं वचन पाठ आहे ना? म्हण बघू."

तिने म्हटलं. एका दमात, एक काना न चुकता, कडू औषध घशाखाली ढकलावं तसं. आणि निघून गेली.

"बघ," दादा म्हणाला, "पाठ आहे."

"बाबांनी बाजारातल्या चालींवर भजनं बसवली, तेव्हा लोकांनी त्यांना चर्चच्या दाराबाहेर काढलं होतं," मी ओरडले. "त्याच चालींवर तू आज रडवतोस सगळ्यांना! चाल बाजारातली चालते, चित्र नाही चालत? चार महिन्यांनी तोंड उघडलं होतं तिने. तू बंद केलंस!"

तो काय म्हणाला ते ऐकायला मी थांबले नाही.

घुमी तिच्या इमारतीच्या जिन्यात बसली होती. वर शिलाई मशीनची घरघर चालू होती.

"तुम्हीही वचन सांगायला आलात, ताई?"

"नाही. तुझं वाक्य अर्धं राहिलं. ते ऐकायला आले."

तिने सरकून मला पायरीवर जागा दिली. मग म्हणाली, "आई म्हणते, माफ कर, बाप आहे. चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, माफ कर. त्यांचं काय जातंय? मला दार लावून घ्यायचंय त्याच्या तोंडावर."

वधस्तंभाबद्दलचं एक छान वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

"हे प्रभूला सांगितलंस?"

"असं? या आवाजात?"

"याच आवाजात."

तिने डोळे मिटले नाहीत, हातही जोडले नाहीत. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "मला नाही जमणार. ऐकतोयस ना? नाही जमणार. आणि गोड बोलून मला फसवू नकोस."

"आमेन," मी म्हणाले.

तिने चमकून बघितलं. "अशी प्रार्थना चालते?"

"बायबलातली स्तोत्रं काढून बघ. याहून कडू आहेत."

वरची मशीन थांबली. शिंपीणबाईंनी लेकीला हाक मारली. ती उठली, दोन पायऱ्या चढली आणि वळली.

"सोमवारी अकराला येणार आहे तो."

"मी दहाला येते," मी म्हणाले. "दवाखान्यात रजा टाकते. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. मी नुसती शेजारी बसेन."